एकच बॅग नको, आधी पट्टा बदला: लग्नं आणि वारी दोन्ही करणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे निकॉन डी७५० कॅमेरा, २४-१२० आणि ७०-२०० या दोन लेन्स आणि एक फ्लॅश आहे. वर्षभर लग्नाची कामं, आषाढात वारी, पावसाळ्यात सह्याद्रीतले ट्रेक. संध्याकाळपर्यंत मान आणि उजवा खांदा भरून येतो. म्हणून सहा हजारांपर्यंत, सगळं सामान मावेल अशी एक चांगली बॅग हवी आहे.

मी अठरा वर्षं लग्नांची फोटोग्राफी करते आणि बरीच वर्षं आषाढात पालखीबरोबर थोडं तरी चालते. तुम्ही सांगितलेलं दुखणं मी चांगलं ओळखते, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते. तुम्ही बॅग विचारताय, पण तुमचं दुखणं बॅगेचं नाही, कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं आहे. लग्नाच्या दिवशी कॅमेरा बॅगेत किती वेळ असतो ते आठवून बघा. घरून कार्यालयापर्यंत आणि रात्री परत येताना, एवढाच. मधले दहा-बारा तास तो गळ्यात किंवा खांद्यावर असतो. बॅग ही कॅमेरा वापरात नसतानाची सोय आहे आणि पट्टा वापरात असतानाची. तुम्ही खर्च पहिल्यावर करायला निघालात आणि त्रास दुसऱ्याचा होतोय.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत: तुमची उंची, पाठीची लांबी, तुम्ही गाडीने जाता की एसटीने, मदतनीस सोबत असतो की नाही. आणि हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणं दंडातून खाली उतरत असेल, तर पट्टा बदलून भागणार नाही. आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा, त्यात चालढकल करू नका. केवळ थकव्याचं दुखणं असेल तर पुढचं वाचा.

पहिलं काम वजनाचं. स्वयंपाकघरातला किंवा दुकानातला वजनकाटा घ्या आणि एकेक वस्तू ठेवून आकडे लिहा. डी७५० बॅटरी आणि कार्डासह ८४० ग्रॅम भरतो. ७०-२०० लेन्स एफ/२.८ व्हीआर २ या प्रकारातली असेल असं धरते, ती १५४० ग्रॅम. म्हणजे मंगलाष्टकांच्या वेळी तुमच्या मानेवर २ किलो ३८० ग्रॅम लोंबकळत असतात. २४-१२० एफ/४ आहे ७१० ग्रॅमची. फ्लॅश त्याच्या सेलसकट अर्धा किलो धरा. जास्तीच्या बॅटऱ्या, चार्जर, फडकी मिळून आणखी अर्धा किलो. झाले चार किलो. वारीत एक लिटर पाणी, रेनकोट, थोडं खाणं वाढलं की साडेपाच. आणि जाड गादीची मोठी कॅमेरा सॅक रिकामी असतानाच दीड-दोन किलोची असते. म्हणजे 'सगळं मावणारी एक बॅग' घेतलीत तर सात किलोच्या पुढे ओझं घेऊन तुम्ही दिवे घाट चढणार. पुणे ते सासवड हा त्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक आहे, तीसेक किलोमीटरचा. त्यातला एकेक ग्रॅम दुपारनंतर कळतो.

आता पट्टा. कॅमेऱ्याबरोबर येणारा पट्टा गळ्यात घातला की सगळं वजन मानेच्या मागच्या दोन-चार मणक्यांवर येतं. चालताना कॅमेरा पोटावर आपटतो, वाकलं की पुढे झुलतो, म्हणून आपण नकळत खांदे आवळून आणि मान पुढे काढून वावरतो. एका खांद्यावर अडकवला तर तो घसरू नये म्हणून तेवढा खांदा दिवसभर वर उचलून धरतो. तुमचा उजवा खांदा भरून येण्याचं कारण बहुधा हेच असावं. पट्टा नुसता रुंद घेतल्याने वजन जास्त जागेवर पसरतं, पण खांदा उचलण्याची सवय काही जात नाही.

तुमच्यासाठी मी तिरका पट्टा सुचवेन, ज्याला सगळे स्लिंग म्हणतात. जानवं घालतात तसा तो डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे येतो. वजन मानेवरून उतरून खांद्याच्या मांसल भागावर आणि पाठीवर येतं, घसरण्याची भीती नसते, म्हणून खांदा सैल राहतो. लांबी अशी ठेवा की हात सरळ खाली सोडला तर तळवा कॅमेऱ्याच्या मुठीवरच पडेल. त्याहून खाली लोंबला तर पायऱ्या चढताना मांडीला लागतो, वर राहिला तर कोपर अडकतं.

हा पट्टा निवडताना त्याचं कापड हाताने चोळून बघा, ही गोष्ट फार कोणी सांगत नाही. तिरक्या पट्ट्यात दोन जाती आहेत. काहींत पट्टा खांद्यावर स्थिर राहतो आणि कॅमेरा पट्ट्यावरून सरकत डोळ्यापर्यंत येतो. त्यात खांद्याची गादी जरा पकड घेणारी चालते. दुसऱ्या जातीत कॅमेरा पट्ट्याला पक्का असतो आणि उचलताना सगळा पट्टाच खांद्यावरून सरकतो. तिथे गाडीच्या सीटबेल्टसारखं गुळगुळीत कापड हवं. दुसऱ्या जातीला रबरी आतील बाजू असेल तर दर वेळी सदरा वर ओढला जातो आणि दिवसाच्या शेवटी कॉलरजवळ कातडी सोललेली असते. निओप्रीनचे ताणणारे पट्टे दुकानात हातात घेतल्यावर हलके वाटतात, कारण ते झटका शोषतात. पण त्यावर दोन-सव्वादोन किलो टांगून चाललात की कॅमेरा पाळण्यासारखा वरखाली होतो. वारीत तर नकोच.

कॅमेरा पट्ट्याला कुठे अडकवायचा, यावर मी सर्वांत जास्त भर देईन. ७०-२०० लावलेली असताना वजनाचा तोल लेन्सकडे असतो. तेव्हा पट्टा कॅमेऱ्याच्या बुडाला न लावता लेन्सच्या कॉलरच्या पायाला, म्हणजे लेन्स ट्रायपॉडवर बसवण्यासाठी तिच्याभोवती जे कडं असतं त्याच्या पायाला, लावा. नाहीतर जड लेन्सचा सगळा ताण बॉडी आणि लेन्स जिथे जुळतात त्या कड्यावर पडत राहतो. २४-१२० लावलीत की बॉडीच्या बुडाला, किंवा पट्टा ओवायचं बॉडीचं डावं कडं आणि बूड या दोन ठिकाणी. मग कॅमेरा आडवा न राहता लेन्स खाली करून अंगालगत टेकतो आणि गर्दीत कोणाला लागत नाही. पीक डिझाइनसारख्या कंपन्यांचे छोटे गोल अडकवणीचे तुकडे मिळतात. ते दोन्ही ठिकाणी कायम लावून ठेवले की पट्टा एका सेकंदात इकडून तिकडे नेता येतो. त्यांची दोरी झिजते, हे मात्र विसरू नका. वरचं काळं आवरण जाऊन आतला वेगळा रंग दिसू लागला की तो तुकडा त्याच दिवशी बदला.

बुडाच्या स्क्रूवर आंधळा विश्वास ठेवू नका. ट्रायपॉडसाठी असलेल्या त्या पाव इंची आट्यांमध्ये बसवलेला स्क्रू हादऱ्यांनी सैल होतो. माझ्या कामाच्या सातव्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका लग्नात हे घडलं. त्याआधी दोन तास कॅमेरा गाडीत पायाशी हिंदकळत आला होता. वरात दाराशी आली, मी उलटी चालत फोटो काढत होते, कॅमेरा कमरेशी सोडला आणि तो सरळ दगडी पायरीवर गेला. लेन्सचं कडं वाकलं. उरलेलं लग्न मी दुसऱ्या, जुन्या बॉडीवर काढलं आणि नवरीच्या आईच्या चेहऱ्यावरची ती क्षणभराची काळजी मला अजून आठवते. तिला वाटलं, आता फोटो होणार नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे: काम सुरू होण्यापूर्वी स्क्रू हाताने पिळून बघायचा, जेवणानंतर पुन्हा बघायचा, आणि पट्ट्यापासून कॅमेऱ्याच्या कड्यापर्यंत एक वेगळी जोडदोरी लावायची. स्क्रू निघाला तरी दोरी धरते. तुम्ही तिरका पट्टा घ्याल तेव्हा ही जोडदोरी सोबत आहे का ते विचारा. नसेल तर वेगळी घ्या.

दोन कॅमेरे वापरणारे दोन्ही खांद्यांचा जोडपट्टा घालतात, तो लग्नासाठी उत्तम आहे. तुमच्याकडे एकच बॉडी आहे, म्हणून आज तो घेऊ नका. पुढे घ्याल तेव्हा एक ध्यानात ठेवा. कमरेला लोंबणारा कॅमेरा बरोबर लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर येतो. मी गर्दीतून जाताना दोन्ही हात कायम दोन्ही लेन्सवर ठेवते. आणि हे वाचणाऱ्या फोटोग्राफर मुलींसाठी: तिरक्या पट्ट्यांची गादी बहुतेक वेळा पुरुषांच्या अंगाच्या मापाने वळवलेली असते. ती छातीवर नीट बसत नाही आणि ओढणीत अडकते. अरुंद, वळण नसलेला, गुळगुळीत पट्टा घ्या आणि खांद्यापुरती वेगळी गादी लावा, फरक पहिल्याच दिवशी कळेल.

इथवरचं एका ओळीत: आधी तिरका पट्टा, तो लेन्सच्या तोलाप्रमाणे अडकवायचा, आणि जोडदोरीशिवाय नाही. आता बॅग.

लग्नाला मोठी पाठीवरची सॅक नेण्यात दोन अडचणी आहेत. एक, ती कार्यालयात कुठेतरी कोपऱ्यात ठेवावी लागते आणि तुम्ही स्टेजवर असताना तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. दोन, ती जमिनीवर आडवी करून चेन पूर्ण उघडल्याशिवाय आतलं काही काढता येत नाही. अंतरपाट दूर होण्याच्या आधीच्या मिनिटात हे कोण करणार? लग्नात लागते ती वरून उघडणारी, मऊ, खांद्यावरची लहान बॅग. यात नवीन काही नाही. फिलाडेल्फिया इन्क्वायरर या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोम्के यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात बातमीदारीच्या धावपळीसाठी अशीच साधी कॅनव्हासची, जाड फोम नसलेली बॅग तयार केली होती आणि तो नमुना आजही विकला जातो. गादी कमी असली की बॅग अंगाला चिकटून राहते, आतलं दिसतं, हात सहज जातो. ७०-२०० कॅमेऱ्यावर असताना त्या बॅगेत २४-१२०, फ्लॅश, सेल आणि पाण्याची छोटी बाटली, एवढंच ठेवायचं. सगळं मिळून दोन-सव्वादोन किलो. हीसुद्धा तिरकी घालायची, पण पट्ट्याच्या उलट्या खांद्यावरून, म्हणजे दोन्ही ओझी एकाच बाजूला येणार नाहीत.

भरलेली मेमरी कार्डं मात्र कोणत्याही बॅगेत ठेवू नका. ती अंगावर, चेन असलेल्या खिशात. बॅग गेली तर पैसे जातात, कार्डं गेली तर कोणाचं तरी लग्न जातं.

आपल्याकडच्या लग्नांची एक खास बाब म्हणजे अक्षता. एक दाणा चेनच्या दातांत अडकला की ओढाताणीत चेन तुटते, आणि दाणे बॅगेच्या तळाशी जाऊन लेन्सच्या मागच्या काचेपर्यंत पोचतात. मंगलाष्टका चालू असताना बॅगेचं झाकण उघडं ठेवू नका. हळदीच्या कार्यक्रमाला झाकण गडद रंगाचं आणि धुता येणारं असावं. पट्टासुद्धा महिन्यातून एकदा साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. घामाचं मीठ शिवणीत साठून टाके कडक होतात. धुताना शिवणीकडे बघणंही होतं. पट्टा जिथे दुमडून शिवलेला असतो तिथे चौकोनात फुलीचे टाके असावेत. त्यातला एक जरी उसवला असेल तर चांभाराकडून पक्का करून घ्या.

एसी कार्यालयातून बाहेर दमट हवेत आलात की लेन्सवर वाफ धरते. तेव्हा कॅमेरा बंद बॅगेतच वीसेक मिनिटं राहू द्या. बॅगेचा हा उपयोग मला सामान वाहण्याइतकाच मोलाचा वाटतो. विमानाने कामाला जाणं झालं तर जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या. तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी १४ वॉट-अवरची (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) आहे आणि विनापरवानगी मर्यादा १०० वॉट-अवरची, त्यामुळे काळजी नाही. देशांतर्गत विमानात केबिन बॅगेचं वजन साधारण ७ किलोपर्यंतच चालतं, हे मात्र वरच्या आकड्यांबरोबर ताडून बघा.

वारी आणि ट्रेकसाठी मी वेगळी कॅमेरा सॅक घ्यायला सांगणार नाही. तुमच्याकडे ट्रेकची साधी सॅक असेलच. तिच्यात गादीचा चौकोनी इन्सर्ट बसवा, कप्पे पाडलेला, कॅमेरा आणि एक लेन्स मावेल इतकाच. ट्रेकिंगच्या सॅक चालण्यासाठी बनवलेल्या असतात, कॅमेरा सॅक बहुतेक वेळा सामान मांडण्यासाठी. फरक कमरेच्या पट्ट्यात आहे. जाड, गादीचा कमरपट्टा नितंबाच्या हाडांवर घट्ट बसला की बरंचसं वजन खांद्यांवरून उतरून पायांवर जातं. बऱ्याच कॅमेरा सॅकना कमरेला नुसती एक पातळ पट्टी असते. ती सॅक हलू देत नाही, पण वजन पेलत नाही. सॅकची उंची तुमच्या पाठीच्या मापाची हवी. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेपने माप घ्या. सॅकचं माप यावरून ठरतं, तुमच्या एकूण उंचीवरून नाही. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यावर ठेवा, तळाशी कपडे.

वारीत ७०-२०० नेऊ नका, असा माझा आग्रह आहे. ती घरी ठेवली की दीड किलो कमी झाले आणि गर्दीत लेन्स बदलण्याचा प्रश्नच मिटला. दिवे घाटात वरून खालचा जनसागर टिपायला २४-१२० पुरते. वारकऱ्यांबरोबर चालताना तर जवळूनच फोटो होतात. सॅकच्या खांदापट्ट्यावर कॅमेरा अडकवायची धातूची क्लिप मिळते. डी७५० आणि २४-१२० मिळून दीड किलोच्या आसपास आहेत, तेवढं ती व्यवस्थित धरते. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि निसरड्या वाटेवर, उदाहरणार्थ हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला, हात मोकळे असणं सुरक्षिततेचं आहे. तिथे तिरका पट्टा घालू नका, वाकून चढताना कॅमेरा पुढे येऊन दगडावर आदळतो. कठीण टप्पा आला की कॅमेरा सरळ सॅकमध्ये.

पावसाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या घाटातला पाऊस रेन कव्हर बनवणाऱ्यांनी बहुधा पाहिलेला नसतो. रेन कव्हर सॅकच्या फक्त पुढच्या बाजूला झाकतं. पाणी तुमच्या मानेवरून पाठीवर वाहतं, तिथून पाठीच्या जाळीत शिरतं आणि खांदापट्ट्यांच्या शिवणीतून आत जातं. वर कव्हर असल्यामुळे ते बाहेर पडत नाही, तळाशी साठतं. ताम्हिणीत एकदा मी कव्हर काढलं तेव्हा तळाशी पेलाभर पाणी होतं आणि सॅक वरून कोरडी दिसत होती. म्हणून संरक्षण आतून करायचं. इन्सर्टसकट कॅमेरा गुंडाळीच्या तोंडाच्या जलरोधक पिशवीत घाला, किंवा दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक घालून तोंड पिळून बांधा. कव्हरच्या तळाला पाणी निघायला भोक नसेल तर एक पाडून घ्या. आणि पोंचो असा घ्या की तो सॅकवरून जाईल. वारीत अनेक जण साधा प्लॅस्टिकचा मोठा कागद डोक्यावरून पाठीपर्यंत घेतात. पाठ आणि सॅक यांच्यामधली फट झाकण्यात तो महागड्या कव्हरपेक्षा सरस आहे, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

घरी आल्यावरचं काम तितकंच महत्त्वाचं. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवून कपाट बंद करू नका. फोम ओल धरून ठेवतो, आत अंधार असतो, हवा खेळत नाही, आणि हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली की लेन्सच्या काचेवर फंगस, म्हणजे बुरशी धरते. माझी एक ५० मिमी लेन्स अशीच एका श्रावणात गेली, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उमटले होते. सामान बाहेर काढून ड्राय कॅबिनेटमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात), नाहीतर हवाबंद डब्यात ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा घालून ठेवा. ४० ते ५० टक्के ठीक. सिलिका जेलचा रंग बदलला की मंद उष्णतेवर पुन्हा कोरडं करता येतं. बॅग आणि पट्टा पंख्याखाली, सगळ्या चेन उघड्या टाकून वाळवा. बॅगेच्या आतल्या जलरोधक लेपाला दमटपणात काही वर्षांनी चिकटपणा येतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. जुनी बॅग स्वस्तात मिळत असेल तर कप्प्यांमागे हात घालून आतलं अस्तर चाचपा. बोटाला चिकटलं तर सोडून द्या.

दुकानात जाताना तुमचं खरं सामान न्या. आत भरा, पाण्याची बाटलीही घाला, आणि निदान पंधरा मिनिटं अंगावर ठेवा. जिना चढा-उतरा, बुटाची लेस बांधायला वाका, एका हाताने चेन उघडून बघा. काही दुकानदार नाराज होतात, होऊ द्या. वर कंपनीचं मोठं नाव लिहिलेली बॅग टाळा, आणि कॅमेऱ्याचा मूळ पट्टाही, कारण लोकलमध्ये आणि यात्रेच्या गर्दीत ती पाटी वाचणारे असतात. गर्दीत सॅक पुढे छातीवर घ्या.

तुमच्या सहा हजारांचं मी असं करेन: सगळ्यांत आधी चांगला तिरका पट्टा आणि जोडदोरी, मग इन्सर्ट आणि जलरोधक पिशवी. उरलेल्या पैशात लग्नासाठी मऊ, खांद्यावरची लहान बॅग, आणि नाही पुरले तर ती पुढच्या हंगामात. तोवर इन्सर्ट कोणत्याही मजबूत झोळ्यात घालून लग्नाचं काम निभावतं, मी पहिली तीन वर्षं तेच केलं. नवा पट्टा आला की थेट लग्नाला घालून जाऊ नका. आठ दिवस घरात ७०-२०० लावून घाला, न बघता कॅमेरा उचलायचा आणि सोडायचा सराव करा, लांबी बोटभर कमीजास्त करत राहा. मग सामानाचे वजनाचे आकडे आणि पाठीचं माप कळवा, सॅक तुम्हाला बसते की नाही ते त्यावरून सांगता येईल.